वाचक विचारतात : चोरट्या दारूची फोर्ड कूप, १/२५ मापात

अमेरिकेच्या ॲपलेशियन डोंगरपट्ट्यात रातोरात दारू पोचवणाऱ्या गाड्यांबद्दल या महिन्यात बरीच पत्रं आली, म्हणून हे सदर या वेळी त्यांनाच दिलं आहे. बहुतेकांच्या हातात मॉडेलचं किट एकच आहे : १९४० ची फोर्ड कूप, म्हणजे दोन दारांची बंद गाडी. एएमटी आणि रेव्हेल या दोन्ही मॉडेल कंपन्यांनी ती १/२५ मापात, म्हणजे खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्शात काढली आहे. खालची सगळी मापं त्याच हिशोबाने आहेत. १/२४ चं किट असेल तर सुमारे चार टक्के वाढवून घ्या.

प्रश्न : १९४० फोर्डचं किट आणलं आहे. अमेरिकेतल्या दारूबंदीचं दृश्य करायचंय. शेजारी शिकागोचा टोळीप्रमुख अल कपोन उभा करणार आहे. गाडीला रंग कोणता द्यावा?
— एक वाचक, पुणे

उत्तर : रंगाचं नंतर बघू, आधी सनच जुळत नाही. अमेरिकेतली देशव्यापी दारूबंदी १७ जानेवारी १९२० ला लागू झाली आणि ५ डिसेंबर १९३३ ला उठली. फोर्डचं व्ही-८ इंजिनच मुळी १९३२ मध्ये आलं. कपोन १९३१ मध्ये करचुकवेगिरीत दोषी ठरला आणि ही गाडी बाजारात आली तेव्हा त्याचा जमाना संपला होता. कपोन ठेवायचाच असेल तर किट बदला.

गाडी ठेवायची असेल तर कपोनला रजा द्या. दारूबंदी उठली तरी चोरटी दारू थांबली नाही, कारण आता प्रश्न कराचा होता. केंद्राचा कर प्रूफ गॅलनमागे (पन्नास टक्के अल्कोहोलच्या एका गॅलनमागे) १९४४ पासून ९ डॉलर आणि १९५१ पासून १०.५० डॉलर होता. तो बुडवून नॉर्थ कॅरोलायनातली विल्क्स काउंटी, व्हर्जिनियातली फ्रँकलिन काउंटी, जॉर्जियातली डॉसन काउंटी इथल्या भट्ट्यांवरचा माल रातोरात शहरांकडे जायचा. मागावर असायचे ते ट्रेझरी खात्याच्या अल्कोहोल टॅक्स युनिटचे लोक. १९४० ची कूप या गोष्टीतली आहे.

एक सन पक्का करा आणि किटच्या खोक्यावर लिहूनच ठेवा. इंजिन, नंबरप्लेट, गाडी किती जुनाट दाखवायची, हे सगळं त्यावरून ठरतं. आमची पसंती १९५० च्या आसपास. तोवर ही कूप दहा वर्षांची, कुणाचीही असू शकेल अशी गाडी झालेली असते आणि या धंद्याला हवी होती तीच गोष्ट.

प्रश्न : मागची बाजू उचललेली ठेवायची की दबलेली? फोटोंत दोन्ही दिसतं. मी मागच्या ॲक्सलवर पॅकिंग देऊन उंची वाढवली, तर चाक मडगार्डच्या कमानीत मधोमध बसेना.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : या मॉडेलचा जीव इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

शंभर गॅलन दारू म्हणजे ३७८ लिटर. नुसतं द्रवच साडेतीनशे किलोच्या आसपास भरतं, काचेचं वजन वेगळं. साध्या कमानीवर, म्हणजे ॲक्सलवरच्या पाट्यांच्या स्प्रिंगवर, एवढं लादलं तर गाडी मागून बसते आणि रस्त्यावरच्या कोणत्याही पोलिसाला लांबून कळतं. म्हणून मागच्या कमानीत जादा पाटे घालत. भरलेली गाडी सपाट, इतर गाड्यांसारखी दिसे आणि माल उतरवून परत येताना मात्र शेपटी वर. डिकी उघडी, आत खोकी गच्च आणि तरी मागची बाजू हवेत, असं मॉडेल प्रदर्शनात वारंवार दिसतं. ते चूक आहे. भरलेली गाडी करणार असाल तर किटची मूळ उंची तशीच ठेवा. रिकामी करणार असाल तरच उचला.

उचलायची किती? मॉडेलवर ३ मिमी पुरे. खऱ्या गाडीत ते ७५ मिमी, म्हणजे तीन इंच होतात. ५ मिमीला गेलात की ती साठच्या दशकातली शर्यतीची गाडी दिसू लागते.

आता तुमच्या चाकाचं. या फोर्डला पुढे-मागे एकेकच आडवी कमान असते : पुढची ॲक्सलच्या पुढे, मागची ॲक्सलच्या मागे. मागचा ॲक्सल टॉर्क ट्यूबला (चाकांकडे जाणारी फिरती दांडी जिच्या आत असते त्या नळीला) जोडलेला असतो आणि ही ट्यूब गिअरबॉक्सच्या मागच्या सांध्याभोवती वरखाली फिरते. तुम्ही फक्त ॲक्सल खाली ढकललात. ट्यूब मात्र जुन्याच कोनात चिकटलेली राहिली, म्हणून ॲक्सल वाकडा बसला आणि चाक सरकलं. पॅकिंग काढून टाका आणि असं करा.

टॉर्क ट्यूब आणि दोन्ही रेडियस रॉड (ॲक्सलला तिरके धरणारे दांडे) गिअरबॉक्सच्या बाजूने सोडवा. ०.२५ मिमी जाडीच्या प्लॅस्टिक शीटच्या २ मिमी रुंद पट्ट्या कापा. खऱ्या पाट्याची जाडी पाव इंचाच्या आसपास असते, तेव्हा हे माप बरोबर बसतं. या फोर्डमध्ये कमान मधोमध वर फुगलेली आणि चेसिसच्या आडव्या पट्टीखाली आवळलेली असते. सर्वांत लांब पाटा तळाला, आखूड होत जाणारे वर. त्यामुळे जादा पट्ट्या वरच्या बाजूने, प्रत्येक पट्टी खालचीपेक्षा दोन्ही टोकांना दीड-दोन मिमी आखूड अशा चढवायच्या. चार पट्ट्यांनी १ मिमी उंची मिळते. उरलेले २ मिमी कमानीचा बाक वाढवून काढा. त्यासाठी तळाचा पाटा किटचा न वापरता ०.५ मिमी शीटचा नवा कापा आणि गरम पाण्यात बुडवून पेनाच्या नळीवर वळवा. पट्ट्या पातळ सिमेंटने चिकटवताना वाकवलेल्या स्थितीतच क्लिप लावून रात्रभर ठेवा. घाईत क्लिप काढली की बाक सुटतो.

ट्यूब शेवटी चिकटवायची. बॉडी नुसती वर ठेवा, चारही चाकं लावा, गाडी काचेच्या तुकड्यावर उभी करा आणि चाक मडगार्डच्या कमानीत मधोमध आलं की मगच सिमेंटचा थेंब सोडा. प्रत्येक टायरखाली कागदाची पट्टी सरकवून बघा. एखाद्या चाकाखालून ती सहज निघाली तर चेसिसला पीळ आहे. व्हीलबेस ११२ इंच, म्हणजे मॉडेलवर ११३.८ मिमी यायला हवा. अर्धा मिमी इकडेतिकडे चालेल.

प्रश्न : बुटलेगरच्या (चोरटी दारू पोचवणाऱ्याच्या) गाडीत रुग्णवाहिकेचं कॅडिलॅक इंजिन असायचं असं वाचलं. दोन कार्ब्युरेटर, क्रोमची हेड, वर ब्लोअर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) असं करायचा विचार आहे.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ब्लोअर आणि क्रोम दोन्ही खोक्यात राहू द्या. बोनेट उघडल्यावर झगझगाट करणारं इंजिन प्रदर्शनातल्या गाडीचं. इथे पैसा जायचा तो सिलिंडरच्या आत.

कॅडिलॅकची गोष्ट खरी आहे, पण सन बघून. मूळ गाडीत २२१ घनइंचाचं ८५ अश्वशक्तीचं फ्लॅटहेड व्ही-८ होतं. फ्लॅटहेड म्हणजे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच, वरची हेड सपाट झाकणासारखी. मर्क्युरीचं २३९ घनइंची इंजिन त्याच जागेत बसायचं आणि बाहेरून जवळपास तसंच दिसायचं. चाळीसच्या दशकातली गाडी करणाऱ्यांनी हेच घ्यावं. कॅडिलॅकचं ओव्हरहेड व्हॉल्व्हचं ३३१ घनइंची, १६० अश्वशक्तीचं इंजिन १९४९ मध्ये आलं. ते मोडक्या गाडीतून काढून फोर्डमध्ये बसवलेलं दाखवायचं तर मॉडेलचा सन १९५० च्या आधीचा ठेवू नका.

फ्लॅटहेडच्या दोन खुणा परीक्षक हमखास बघतात. एक, १९४८ पर्यंतच्या इंजिनाला रेडिएटरचे चार होज असतात : दोन्ही हेडच्या मध्यावरून दोन वर जातात, खालच्या दोन पाणीपंपांना दोन येतात. किटमध्ये बरेचदा खालचे दोन गाळलेले असतात. दुसरी, डिस्ट्रिब्युटर पुढे खाली, कॅमशाफ्टच्या टोकावर असतो. तो वर उजवीकडे उभा दिसला तर इंजिन १९४९ नंतरचं. मागच्या सनाची गाडी आणि पुढच्या सनाचं इंजिन चालतं, उलटं झालं की ते दुरुस्तीचं इंजिन म्हणून समजवत बसावं लागतं.

प्लगच्या वायरी खऱ्या ७ मिमी जाडीच्या, म्हणजे मॉडेलवर ०.२८ मिमी. जुन्या इअरफोनमधल्या किंवा ट्रान्सफॉर्मरच्या बारीक एनॅमल वायरी काळ्या रंगवल्या की झालं. किटमधून येणारी किंवा ‘डिटेलिंग’च्या नावाखाली विकली जाणारी अर्ध्या मिमीची वायर खऱ्या गाडीत बोटाएवढी जाड होते. कार्ब्युरेटर दोन हवेत तर ठेवा, स्ट्रॉम्बर्ग ९७ त्या काळचाच आहे. पण एअर क्लीनरवर तेलाची ओल आणि धूळ दिसू द्या.

प्रश्न : डिकीतल्या बरण्या कशा करायच्या? मी पारदर्शक स्प्रू (किटचे भाग ज्याला जोडलेले येतात ती प्लॅस्टिकची कांडी) कापून, आत पिवळा रंग देऊन, सुपरग्लूने चिकटवल्या. सगळ्या पांढुरक्या पडल्या.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पांढुरकं होणं सुपरग्लूचं काम. त्याची वाफ जवळच्या पारदर्शक प्लॅस्टिकवर बसून घट्ट होते आणि काच धुरकट दिसते. डिकीचं झाकण बंद करून ठेवलंत तर अजूनच, कारण वाफ आतच कोंडते. बरण्यांना पाण्यावरचा पांढरा गोंद किंवा खिडकीच्या काचेसाठी मिळणारा पारदर्शक गोंद लावा. गाडीच्या काचांनाही हाच नियम. धुरकट झालेल्या बरण्या चकचकीत ॲक्रिलिक वार्निशमध्ये बुडवून बघा, थोडी धूसरता जाते.

पिवळा रंग मात्र मुळातच नको. भट्टीची ताजी दारू पाण्यासारखी स्वच्छ असते. पिवळसर-तपकिरी छटा लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरल्यावर येते आणि इथे मुरवायला वेळ कुणाकडे होता?

बरणी अर्ध्या गॅलनची मेसन जार घ्या. ती सुमारे नऊ इंच उंच, साडेचार इंच रुंद असते. मॉडेलवर ९ मिमी उंच, ४.५ मिमी व्यासाची. झाकण २.८ मिमी. ४.५ मिमीची पारदर्शक ॲक्रिलिक कांडी छोट्या ड्रिलच्या चकमध्ये धरा आणि सुईसारख्या बारीक कानशीने वरचा एक मिमी भाग २.८ मिमीपर्यंत उतरवा, खांदा गोल करा. ड्रिल अगदी हळू फिरवा. वेग वाढला की ॲक्रिलिक वितळून कानशीत भरतं आणि बरणीला दोरे सुटतात. मग १००० आणि २००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात बुडवून, शेवटी टूथपेस्टने घासा. बुड सपाट कापून घासलंत तर आत द्रव भरल्याचा भास आपोआप होतो. झाकणाला फिका करडा रंग, चांदी नको, त्या जस्ताच्या झाकणांना चमक नसते.

खोक्यात बारा बरण्या, तीन बाय चार. पुठ्ठ्याचं खोकं १४ × १९ × १० मिमी. वही शिवताना मागे लावतात तो पातळ तपकिरी पुठ्ठा घ्या, पन्हाळी पुठ्ठा नको, त्याच्या लाटा या मापात वासे दिसतात. बरण्या फक्त वरच्या एक-दोन उघड्या खोक्यांत भरा. बाकीची बंद खोकी बाल्सा लाकडाच्या ठोकळ्यांवर कागद चिकटवून होतात. दारू डिकीपुरतीच नसायची. मागची बैठक आणि बरेचदा चालकाशेजारची जागाही काढून खोकी भरत आणि वरून गडद घोंगडी टाकत. घोंगडीला टिश्यू पेपर पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदात भिजवून खोक्यांवर ओला पसरा, सुकला की मॅट रंग. प्लॅस्टिकचे कॅन चाळीसच्या दशकातल्या गाडीत घालू नका. बरणीशिवाय काही हवं असेल तर चौकोनी पत्र्याचे डबे चालतील.

प्रश्न : पावसाळ्यात काळा रंग मारला, वर पांढरी साय आली. आणि हार्डवेअरच्या दुकानातला स्प्रे वापरला त्या मडगार्डला बारीक भेगा पडल्या.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दोन वेगळे आजार आहेत. साय येते ती हवेतल्या दमटपणाने. सॉल्व्हंट भराभर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि रंगात अडकते. कोकणात जून ते सप्टेंबर लॅकर मारूच नये असं आमचं मत. मारायचंच तर आर्द्रता मोजून ६५ टक्क्यांखाली असेल तेव्हा, रंगात रिटार्डर (रंग सुकणं लांबवणारं द्रव) घालून, पातळ थरांत. आलेली साय घालवायला कोरड्या दिवशी रिटार्डर मिसळलेल्या थिनरचा अगदी हलका फवारा द्या. थर पुन्हा ओला होतो आणि अडकलेलं पाणी निघून जातं.

भेगा सॉल्व्हंटच्या. पत्र्यासाठी केलेल्या स्प्रेमधला जळजळीत थिनर पॉलिस्टायरिन खातो. ते मडगार्ड ६०० नंबरच्या पेपरने भेगा जाईपर्यंत घासा आणि मॉडेलिंगच्या प्रायमरने झाका. वरून पुन्हा तोच स्प्रे नको. रंगाआधी सगळे भाग भांड्यांच्या साबणाने धुवा, साच्यातलं तेल राहिलं तर रंगात डोळ्यांसारखे गोल खळगे पडतात. दार आणि डिकीच्या खाचा सुईने आधीच खोल करून घ्या, तीन थरांनंतर त्या बुजतात.

कारखान्याच्या रंगांत काळ्याशिवाय क्लाउड मिस्ट ग्रे, फोकस्टोन ग्रे, लायन ब्लू, योसेमिटी ग्रीन, मँडरिन मरून होते. रात्रीच्या गाडीला काळा किंवा गडद निळा. पियानोसारखा चकचकाट मात्र नको : दहा वर्षांच्या एनॅमलवर टपाची आणि बोनेटची झळाळी आधी जाते, तेवढ्या भागावर २००० चा पेपर हलका फिरवा.

धुळीसाठी तुमच्या हाताशी उत्तम वस्तू आहे : गेरू. नॉर्थ कॅरोलायनाच्या त्या पायथ्याची माती लाल चिकणमाती आहे. गेरू खलात घोटून तलम कापडातून दोनदा गाळा, चिमूटभर पिवळी माती मिसळा, नाहीतर तो विटेसारखा तांबडाभडक दिसतो. आधी मॅट वार्निश, मग कोरड्या ब्रशने चाकांच्या मागे, पायरीच्या खालच्या कडेला, मागच्या बंपरच्या आतल्या अंगाला. वरून थिनरचा एकेक थेंब सोडला की माती धरते. चिखल पुढून मागे उडतो, त्यामुळे मागचं मडगार्ड पुढच्यापेक्षा जास्त माखलेलं हवं. टपावर माती टाकाल तर ती गाडी शेतात सोडलेली वाटेल.

प्रश्न : दिवाळीत भारतात येतेय. भावासाठी मॉडेलचे रंग आणू का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : स्प्रेचे डबे, एनॅमल, लॅकर आणि थिनर विमानात कोणत्याच बॅगेत चालत नाहीत, ज्वलनशील आहेत. अल्कोहोल असलेले ॲक्रिलिकही त्यातच. निव्वळ पाण्यावरचे, ज्वलनशील नसल्याचं बाटलीवर लिहिलेले रंग चेक-इन बॅगेत आणता येतात. त्यापेक्षा ०.२५ आणि ०.५ मिमीची प्लॅस्टिक शीट, चिकटणारी क्रोम फॉइल आणि जुन्या धाटणीचे उंच टायर आणा. भाऊ दुवा देईल.

प्रश्न : टायरवर पांढरी पट्टी, दारावर गोळ्यांची भोकं, नंबरप्लेट कोणती?
— एक वाचक, सांगली

उत्तर : पांढरी पट्टी नको. मूळ टायर ६.००-१६, अरुंद आणि उंच, मॉडेलवर बाहेरचा व्यास सुमारे २८ मिमी. रुंद बुटके टायर लागले की बाकीचे कष्ट वाया. चाकं पाच नटांची साधी पोलादी घ्या. नटांचं वर्तुळ साडेपाच इंचांचं, १९३९ पर्यंतची मोठ्या वर्तुळाची चाकं या गाडीवर चालणार नाहीत.

गोळ्यांची भोकं नकोत. भोकं पडलेली गाडी पेट्रोलपंपावर उभी राहिली की धंदा संपला.

नंबरप्लेट राज्याची आणि सनाची जुळवा. ६ × १२ इंचांचं सर्व राज्यांत समान झालेलं माप १९५६ चं. ते मॉडेलवर ६.१ × १२.२ मिमी होतं. त्याआधीच्या प्लेटांची मापं राज्याराज्यांत वेगळी, तेव्हा फोटोवरून मोजून घ्या. नॉर्थ कॅरोलायनाच्या १९५४ पासूनच्या प्लेटवर ‘ड्राइव्ह सेफली’ छापलेलं असे. पन्नासच्या दशकातली गाडी करणाऱ्यांनी ही गंमत सोडू नये.

आणखी एक बारकावा : मागचे दिवे चालकाला बंद करता यावेत म्हणून डॅशबोर्डखाली जादा खटका बसवत. अर्ध्या मिमीच्या शीटचा बारीक तुकडा आणि त्यात ०.३ मिमी तारेचा खुंट, एवढंच. गिअरचा दांडा या सनापासून स्टिअरिंगच्या खांबावर आला. जमिनीवरून वर आलेला दिसला तर तो किटच्या शर्यतीच्या भागांतला आहे, काढून टाका. गाडी स्टँडर्ड की डिलक्स तेही ठरवा. दोन्हींचं तोंड वेगळं आहे, म्हणून जाळी बदलली तर बोनेटही बदलावं लागतं.

प्रश्न : मुंबईतल्या दारूबंदीच्या काळातली अशीच फोर्ड करता येईल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : गाडी म्हणून करता येईल. फोर्ड कंपनी १९२६ पासून मुंबईत गाड्या जोडत होती, तिकडे माल कॅनडातून यायचा आणि मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. पण स्टिअरिंग उजवीकडे हवं. डॅशबोर्ड मधोमध कापून उलटा जोडणं पुरत नाही, घड्याळ आणि मीटर उलटे होतात. मीटरचा भाग वेगळा कापून उजवीकडे बसवा, पेडल आणि खांब हलवा, गिअरचा दांडा खांबाच्या डाव्या अंगाला घ्या. आणि बरण्या नकोत : हातभट्टीची दारू रबरी ट्यूबमधून जायची. सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे भरून दोन्ही टोकं बांधली की १/२५ मध्ये त्या फुगलेल्या ट्यूब चांगल्या दिसतात.